पहिला घोट आमचा

रविवार, १२ जानेवारी २०२५

हाताला अजून कोकमाचा वास आहे. साबणाने धुतले तरी बोटं गुलाबीच. शाळेतल्या सिस्टर फिलोमिनाने पाहिली असती तर फूटपट्टी आणली असती.

आज ह्यांच्या नावाची कबड्डी स्पर्धा सुरू झाली. हे गेल्यापासून दरवर्षी वाटतं की यंदा मैदानावर जाऊ नये, खिडकीतूनच ऐकावं. आणि दरवर्षी मी पहाटे उठून कोकमं भिजत घातलेली असतात. राजेशने यंदा कमाल केली आहे. मुलुंडच्या आमच्या ह्या जुन्या वसाहतीच्या मैदानाला तिन्ही बाजूंनी लोखंडी गॅलरी, खाली मॅट, मोठे दिवे, मोबाइलवर थेट प्रक्षेपण. रायगडपासून पालघरपर्यंतचे संघ आलेत. दर रविवारी साखळी सामने, आणि सोळा फेब्रुवारीला अंतिम.

राजेश माझा पुतण्या आणि मंडळाचा सचिव. ‘काकी, स्टेडियमसारखं वाटतंय की नाही?’ म्हणाला.

‘तुझ्या काकांच्या वेळी माती होती,’ मी म्हटलं. ‘तिला वास होता.’

‘वास राहू दे. मातीत गुडघे फुटतात. आता पोरं येत नाहीत मातीत.’

निवेदक नवा होता. चषकाची गोष्ट त्याने माईकवर भलतीच सांगितली, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. पहिल्या वर्षी नाल्यापलीकडच्या वसाहतीतलं समता मंडळ खेळायला आलं होतं. ते बौद्ध, आपण कोकणातले मराठे. आमच्याच कुणीतरी त्यांच्यासाठी पाण्याचे ग्लास वेगळ्या बाकावर वेगळे मांडले. ह्यांनी ते पाहिलं. टेबलावरचा चषक उचलला, त्यात कोकमाचं सरबत ओतलं आणि समताचा कप्तान अंबादास याच्या हातात दिला. तो प्यायला. मग त्याच्या हातातून घेऊन हे प्यायले, त्याच काठाला ओठ लावून. तेव्हापासून पहिला सामना आमचा आणि समताचाच होतो, आणि त्याआधी चषक फिरतो. एक आमचा खेळाडू, एक त्यांचा. पहिला घोट एक वर्ष त्यांचा, एक वर्ष आमचा.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पार्ल्याच्या आमच्या कॉन्व्हेंटात प्रत्येकीचा ग्लास वेगळा असे, त्यावर चिकटपट्टीवर नाव. मैत्रिणीच्या ग्लासातून प्यायलं तर शिक्षा. त्यामुळे मैदानावर तो उष्टा चषक पाहून मला शिसारी आली, आणि त्याच क्षणी ह्यांच्यावर जो जीव जडला तो आजतागायत.

यंदा पहिला घोट आमचा होता, म्हणजे नितेशचा. राजेशचा हा मुलगा आमच्या संघाचा कप्तान. सकाळी आला तो डावा गाल सुजवून. सरावात कोपर लागलं म्हणाला. मी आंबेहळद उगाळून कानापर्यंत लेप दिला. अंग कढत लागलं, पण सामन्याच्या दिवशी पोरांचं असं होतंच.

‘आजी, गिळताना दुखतंय. मी नुसता ओठ लावतो ना.’

‘कप्तानाने नुसता ओठ लावायचा नसतो,’ मी म्हटलं. प्यायला बिचारा, डोळे मिटून.

अंबादासभाऊ यंदा नातीला घेऊन आले होते. रुचिरा, पहिलीत आहे, पुढचे दोन दात पडलेले. तळाशी थोडं सरबत उरलं होतं ते मी तिला माझ्या हाताने पाजलं. अंबादासभाऊ क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. त्यांनाही हे आठवले असणार.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. नितेशचा दुसरा गालही सुजला आहे. राजेश म्हणतो अक्कलदाढ आहे, गोळ्या चालू आहेत. श्वेता तिळगूळ घेऊन आली होती. मे महिन्यात लग्न. तिने त्याच्यासाठी लाडू फोडून बारीक केला आणि चमच्याने भरवला. मी स्वयंपाकघरातून पाहिलं आणि भांडी जरा मोठ्याने वाजवली, म्हणजे त्यांना कळावं मी येते आहे.


रविवार, १९ जानेवारी

नितेश आज खेळला नाही. जांघेत लचक भरली म्हणे. पाय फाकवून, भिंतीला धरून चालत होता. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन वर गेले तर राजेशने ती दारातच घेतली आणि दार लोटून घेतलं. आत बाप-लेक काहीतरी कुजबुजत होते. मी ह्या पोराला न्हाऊमाखू घातलंय, पण आता मोठा झाला, पुरुषांमध्ये बसतो. असो.

गर्दी अफाट होती. गॅलरीत मांडीला मांडी लावून लोक. शिट्ट्या एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जात होत्या.


गुरुवार, ३० जानेवारी

गालगुंडाची साथ आली आहे. समताच्या दोन खेळाडूंना झालंय, आमच्या मंडळातल्या धोंडूच्या मुलाला, बी विंगमधल्या जुळ्यांना, शिवाय पंचांपैकी एकाला. वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळपासून एकच चाललंय. ‘नाल्यापलीकडून आलं.’ ‘तिकडे पाणी कसलं, राहणी कसली.’ कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं, ‘कुणाला दोष देत नाही, पण आपल्या मुलांना त्या बाजूला पाठवू नका.’

मी काही लिहिलं नाही. पण त्यांचे दोघे आजारी आहेत हे तर खरंच.

सासूबाई सांगायच्या, ह्यांनाही ऐन तारुण्यात गालगुंड झालं होतं, आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी. महिनाभर निजून होते. पुढे आयुष्यात कधी साधा ताप आला नाही. तेव्हा एवढं घाबरण्यासारखं त्यात काही नसावं.


रविवार, २ फेब्रुवारी

समताचे पाचच खेळाडू उभे राहू शकले. हरले. सामना संपल्यावर आमचे दादू जाधव, मंडळात सगळ्यात जुने, हसत म्हणाले, ‘आज ह्यांची पकड कुणी करीना. हात लावायलाच पोरं भितात.’ लोक हसले.

पाण्याची सोयही बदलली आहे. बाकी सगळ्या संघांना मोठा कूलर, आणि कोपऱ्यात एक वेगळा जार. जारवर कागद चिकटवलाय, ‘समता’. मी राजेशला विचारलं, हे कुणी केलं?

‘स्वच्छतेसाठी केलंय, काकी. तुझ्या कॉन्व्हेंटात नव्हते का वेगवेगळे ग्लास?’

गंमत म्हणजे समताचं एकही पोर त्या जारपाशी गेलं नाही. घरून बाटल्या आणल्या होत्या त्यांनी.


बुधवार, ५ फेब्रुवारी

पालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. माधुरी मंडळाच्या कार्यालयात आल्या होत्या. तरुण, केस घट्ट बांधलेले, जरा खरखरीत बोलणारी मुलगी. मलाही बोलावलं होतं, कारण स्पर्धा ह्यांच्या नावाने आहे.

‘अंतिम सामना पुढे ढकला,’ ती म्हणाली. ‘महिनाभर तरी.’

राजेश म्हणाला, ‘मॅडम, कबड्डीने गालगुंड होतं हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?’

‘कबड्डीने होत नाही. थुंकीतून पसरतं. कबड्डीत थुंकी किती उडते ते तुम्हीच मला सांगा.’

‘तोंड बंद ठेवायचं तर मग बुद्धिबळ भरवू,’ दादू म्हणाले.

‘भरवा. मी येईन बघायला.’

राजेश चिडला. शाळा आहेत, लग्नसराई आहे, भाजीबाजार आहे, सगळं सोडून तुम्हाला आमचीच स्पर्धा दिसली का, म्हणाला. डॉक्टर शांतपणे म्हणाली, ‘बरोबर आहे तुमचं. स्पर्धेमुळेच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. स्पर्धेमुळे झालं नाही असंही देऊ शकत नाही. एवढंच दिसतंय की जिथे जिथे रुग्ण आहे, त्या घरातलं कुणी ना कुणी बारा तारखेला मैदानावर होतं. लागण झाल्यावर सूज यायला दोन-अडीच आठवडे जातात. म्हणजे तारीख जुळते. त्या दिवशी कुणी आजारी खेळाडू होता का? कुणाचा गाल सुजलेला?’

‘नाही,’ राजेश पटकन म्हणाला, आणि पंख्याकडे बघायला लागला.

मला त्या वेळी खरोखरच काही आठवलं नाही. नितेशला कोपर लागलं होतं.

‘आदेश असेल तर लेखी द्या,’ राजेश म्हणाला. लेखी आदेश देण्याइतका तिच्या वरिष्ठांना हा आजार मोठा वाटत नाही. गालगुंडाची लस सरकारी लसीकरणात नसते हे तिने जाता जाता सांगितलं. गोवराची असते, ह्याची नसते. मला वाटत होतं सगळ्याचीच असते.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रुचिराला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय.

गालगुंड झालं, सूज उतरली, ताप उतरला, आणि परवा आईने डावीकडून हाक मारली तर पोरीने मान वळवली नाही. डॉ. माधुरीने मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे सांगितलं, ह्या आजारात हे क्वचित होतं, आणि झालं तर बहुधा परत येत नाही.

वसाहतीत बातमी आली ती अशी आली, ‘बघा, त्यांच्याकडे किती जोरात आहे साथ.’


शनिवार, ८ फेब्रुवारी

आज मी एकटीच आरोग्य केंद्रात गेले. रुचिराबद्दल विचारायचं होतं. डॉक्टरने मला बसवलं आणि मी विचारलं म्हणून सूज कुठे येते ते दाखवलं, स्वतःच्या कानाखाली बोटं ठेवून. ‘मार लागला तर गालाच्या हाडावर सुजतं, काकू. हे इथे, जबड्याच्या कोपऱ्यात. कानाची पाळी वर उचलली जाते. एकदा पाहिलं की विसरत नाही माणूस.’

मी पाहिलं होतं. पाळीच्या मागे हळद जात नव्हती म्हणून करंगळीने लावली होती.

तरी मी म्हटलं, पण एखाद्याला नंतर जांघेत लचक भरली, तो पाय फाकवून चालायला लागला, तर त्याचा ह्याच्याशी काय संबंध? तिने नर्सला बाहेर पाठवून सगळं समजावून सांगितलं. पुरुषांमध्ये आठवडाभराने खाली सूज उतरू शकते. फार दुखतं. बहुतेकांना पुढे काही होत नाही, मुलंबाळंही होतात. क्वचित कुणाला अडचण येते. ‘पण लाजेने कुणी सांगत नाही, काकू. घरचे तर नाहीच नाही. तुम्हाला कुणाचं नाव सांगायचंय का?’

मी पर्स उघडली, रुमाल काढला, परत ठेवला. नाही म्हटलं आणि रिक्षा न करता चालत घरी आले.

राजेशला विचारलं. त्याने नाकारलं नाही. खाली बसला.

‘चौदा तारखेलाच डॉक्टर म्हणाले होते,’ तो म्हणाला. ‘मग काय करणार होतो काकी? संघ मागे घेऊ? एवढी गॅलरी उभी केलेली. आणि नितेशचं ते दुसरं झाल्यावर तर तोंडच बंद. श्वेताच्या घरी कळलं तर काय होईल, सांग तू. तिची आई आधीच पत्रिका घेऊन बसलीय.’

‘पण आपले लोक समतावर आळ घेतायत, राजेश.’

‘आळ चार दिवस असतो. पोराचं लग्न मोडलं तर जन्माचं.’

ते चूक आहे असं मला म्हणता येईना. आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर केले, सोळा सोमवार केले, नरसोबाच्या वाडीला गेले. ह्यांना कुणी तपासायला सांगितलंही नाही. दोष माझ्यातच असणार हे सगळ्यांनी धरून टाकलं होतं, मीसुद्धा. हळदीकुंकवाला बायका माझ्या ओटीत नारळ टाकताना डोळे कसे बाजूला करायच्या ते मला माहीत आहे. नितेशकडे कुणी तसं बघावं हे मला सोसणार नाही.

आणि तिकडे एक सहा वर्षांची मुलगी, जिला मी माझ्या हाताने पाजलं.


सोमवार, १० फेब्रुवारी

अंबादासभाऊंकडे जाऊन आले.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर घेतलेलं, गॅलरीत कडीपत्त्याची कुंडी, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली मंडळाचे जुने फोटो. त्यातल्या एकात हे आहेत, अंबादासच्या खांद्यावर हात टाकून, दोघेही मातीने भरलेले. रुचिरा खाली चित्र रंगवत बसली होती. सोनूबाईंनी, त्यांच्या पत्नीने, चहा आणला. भाऊंना कपात, मला कागदी ग्लासात.

‘आमच्या घरात रोग आहे म्हणतात ना लोक,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं तुमची पंचाईत नको.’

मी ग्लास हातात धरून बसले. मग एका दमात सांगितलं. नितेश, गाल, हळद, चषक. वाटेत ठरवलेलं काहीच त्या क्रमाने आलं नाही.

अंबादासभाऊ म्हणाले, ‘वहिनी, मला त्याच दिवशी दिसलं होतं.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘मला लहानपणी झालंय हे. माझ्या भावाला झालंय. पोराचा कान वर उचललेला होता. तुमची हळद होती वर, पण सूज हळदीने लपत नाही.’

‘मग तुम्ही प्यायलात का? पोरांना का पिऊ दिलंत?’

ते चहा ढवळू लागले. ‘चषक पुढे आला, वहिनी. तो मी नाही म्हटला असता तर गॅलरीतले लोक काय बोलले असते? समतावाले आता मोठे झाले, यांना आता आपलं उष्टं चालत नाही. तुमच्या जयवंताने ज्या चषकाला तोंड लावलं त्याला मी कसा नकार देणार? हजार माणसांसमोर? पोरं तरुण आहेत, निभावतील, असं मी मनात म्हटलं.’ मग खालच्या आवाजात म्हणाले, ‘तुम्ही रुचिराला पाजत होता ना, तेव्हा माझा हात पुढे झाला होता. मी मागे घेतला.’

सोनूबाई उठून आत गेल्या.

मी रडायला लागले. भाऊंनी रडू दिलं. मी म्हटलं, मला क्षमा करा. त्यावर ते चटकन म्हणाले, ‘इथे बसून सांगताय ते कशाला? ह्या घरात ते माहीतच आहे. जिथे माहीत नाही तिथे सांगा.’

‘नितेशचं लग्न आहे भाऊ.’

‘हो. आणि आमच्या पोरांना कामावर डबा खाताना शेजारी बसू देत नाहीत, आठ दिवस झाले. ते पण सांगून ठेवतो.’

चहा गार झाला होता. मी तो संपवला.


बुधवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस देवापुढे बसते आणि मला प्रार्थना शाळेतलीच सुचते, इंग्रजीतली. सिस्टर फिलोमिना म्हणायची, कबुली द्यायची तर आपल्या पापाची द्यावी, शेजाऱ्याच्या नाही. नितेशचा आजार हे नितेशचं पाप नाही. मग त्याचं नाव मी का घेऊ? आणि नाव न घेता सांगता येईल का?

राजेश संध्याकाळी येऊन गेला. अंतिम सामना ठरल्याप्रमाणे होणार. चषक मी प्रदान करायचा आणि दोन शब्द बोलायचे. ‘काकांच्या आठवणी सांग,’ म्हणाला. ‘मातीच्या वगैरे. लोकांना आवडतं ते.’

त्याच्या चेहऱ्यावर इतका थकवा होता. लहान असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवायचा तो हाच.


रविवार, १६ फेब्रुवारी

सांगितलं.

मैदान भरलेलं होतं. रायगडचा आणि ठाण्याचा असे दोन संघ अंतिम फेरीत, दोन्हीकडची विशीच्या आतली पोरं, दंडाला ताईत, अंगावर कोऱ्या बनियन. निवेदकाने माझ्या हातात माईक दिला. डॉ. माधुरी एका कडेला उभी होती, मैदानाच्या बाहेर, दोरीपलीकडे. समताचं कुणी नव्हतं.

मी ह्यांच्या आठवणीनेच सुरुवात केली, म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वेगळ्या बाकावरच्या ग्लासांची गोष्ट सांगितली. आणि म्हटलं, ‘ह्या वर्षी पुन्हा एक वेगळा जार ठेवला आहे, तो त्या कोपऱ्यात दिसेल. तो काढून टाका. हा आजार समताच्या मुलांनी आणला नाही. पहिली सूज आमच्या घरात होती, पहिल्या रविवारी. मी तिला हळद लावली, आणि त्याच तोंडाला लावलेला चषक त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो ह्यांच्या शब्दाखातर घेतला. त्यांच्यातल्या एका लहान मुलीचा कान गेला आहे.’

कुणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. गॅलरीत एक बाई आपल्या मुलाला उचलून खाली उतरायला लागली, मग आणखी एक. रायगडचे प्रशिक्षक माझ्यापाशी आले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, ‘बाई, आमची पोरं मी घेऊन जातो. गावात लहान भावंडं आहेत सगळ्यांना.’ त्यांची गाडी सुटल्यावर ठाण्याच्या मुलांनीही बॅगा भरल्या. मॅट गुंडाळायला दादू जाधव एकटेच उभे होते. आज त्यांनी काही विनोद केला नाही.

राजेश मला घरी सोडायला आला नाही.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

श्वेताच्या आईचा फोन आला होता. सभ्य बाई. ‘तुमच्या घरात म्हणजे नक्की कुणाला?’ असं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. मी म्हटलं मुलांनाच विचारा. ‘म्हणजे मुलालाच,’ असं त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वसाहतीच्या गटावर ‘नाल्यापलीकडून’ असं आता कुणी लिहीत नाही. काहीच लिहीत नाही कुणी. परवापर्यंत ज्या बाया मला गजरा आणून द्यायच्या त्या जिन्यात भेटल्या की भिंतीकडे सरकतात. आमच्या घरातला आजार केव्हाच संपला तरी.


रविवार, २३ फेब्रुवारी

आज नितेश आला. आठवडाभर खाली उतरला नव्हता. वाळला आहे. मी पोहे करायला उठले तर म्हणाला, ‘बस गं आजी. भूक नाही.’

मी म्हटलं, ‘तुझं नाव नाही घेतलं मी.’

‘तेच तर,’ तो म्हणाला. ‘आमच्या घरात म्हणालीस. घरात खेळणारा मी एकटा. आता रोज जो तो मला बघून अंदाज करतोय. सरळ नाव घेतलं असतंस तर एकदाच काय ते झालं असतं.’

‘श्वेताच्या घरी…’

‘श्वेताला मी जानेवारीतच सांगितलंय. ती माझ्याबरोबर डॉक्टरकडे पण आली होती. तुम्ही सगळे ज्याच्यासाठी लपवत होतात ना, ते तिला माहीत होतं.’ थोडं हसला. ‘तिच्या आई-वडिलांनी वेळ मागून घेतलाय. बघू. ती म्हणते थांब, तर थांबतोय.’

मग माझ्या नखांकडे बघत म्हणाला, ‘ओठ लावतो म्हटलं होतं ना गं मी.’

‘म्हटलं होतंस.’

‘मला तेव्हा माहीत नव्हतं काय झालंय. खरंच नव्हतं. पण दोन दिवसांनी कळलं, तेव्हा समताला फोन करून सांगायला हवं होतं. बाबा नको म्हणाले आणि मला बरंच वाटलं की नको म्हणाले.’ उठला, चप्पल घातली. ‘चल, अंबादासआजोबांकडे. मला एकट्याला जमणार नाही.’

नाल्यावरच्या पुलावरून गेलो. वाटेत तो पुटपुटत होता, काय बोलायचं ते जुळवत. दुसऱ्या मजल्यावर दार रुचिरानेच उघडलं. दातांच्या जागी आता पांढरी टोकं दिसतात. नितेश खाली बसला, तिच्या उंचीला येऊन, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, ‘रुचिरा, तुझा कान माझ्यामुळे गेला. माझ्यापासून तुला आजार झाला.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग मान वळवून उजवी बाजू त्याच्यापुढे केली.

‘त्या कानात नाही ऐकू येत,’ ती म्हणाली. ‘इकडून सांग. जोरात.’

नितेशने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ते सगळं पुन्हा सांगितलं, जोरात. आतून सोनूबाई बाहेर आल्या, आणि मजल्यावरची बाकीची दारं एकेक करून उघडली.